सीडी-चेक (शाळेच्या लॅबमधलं)

सॉफ्टवेअर सुरू होताना ड्राइव्हमधे कंपनीची ओरिजिनल डिस्क आहे की नाही ते तपासण्याची व्यवस्था म्हणजे सीडी-चेक. लॅबमधे हे नाव कुणी घेत नाही, 'सॉफ्टवेअर सीडी मागतंय' म्हटलं की सगळ्यांना कळतं. आधी फ्लॉपी, मग सीडी, मग डीव्हीडी असा याचा प्रवास झाला. पोर्टला लावायचं डाँगल हे याच घरातलं, मराठी फॉन्टच्या पॅकेजमुळे ठाण्यातल्या नौपाड्याच्या जुन्या डीटीपीवाल्यांना ते चांगलं ओळखीचं. इथं फक्त डिस्कचं बघू, आणि तेही पैसे भरून लायसन घेतलेल्या शाळेच्या बाजूनं, कारण या कुलपाचा सगळ्यात जास्त त्रास तिलाच झालाय.

उगमाबद्दल दोन मतं आहेत. एक मत असं की ही पद्धत ऑफिसच्या सॉफ्टवेअरमधून आली, १९८३ च्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटला मूळ फ्लॉपी ड्राइव्हमधे लागायची आणि अशा फ्लॉपीला 'की डिस्क' म्हणायचे. दुसरं मत आणखी मागे जातं, साधारण १९७० च्या दशकाच्या अखेरीला, अ‍ॅपल २ या कॉम्प्युटरपर्यंत. मला दुसरं जास्त पटतं आणि त्याचं कारण यंत्राच्या रचनेतच आहे. १९७८ मधे आलेल्या डिस्क २ ड्राइव्हमधे स्टीव्ह वॉझ्नियाकनं इलेक्ट्रॉनिक्स इतकं कमी ठेवलं होतं की फ्लॉपीवर बिट कसे लिहायचे नि वाचायचे हे बरंचसं सॉफ्टवेअरच ठरवायचं, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या प्रकाशकाला सेक्टरच्या (डेटाच्या ठराविक मापाच्या तुकड्याच्या) खुणा बदलता यायच्या, दोन ट्रॅकच्या मधल्या जागेतही लिहिता यायचं, आणि नेहमीचा कॉपी प्रोग्रॅम तिथं अडकायचा. आयबीएम पीसीत हे काम कंट्रोलर चिपकडे होतं, एवढी मोकळीक नव्हती, म्हणून तिथं मुद्दाम खराब सेक्टर ठेवणं किंवा व्हॉल्ट कंपनीच्या प्रोलॉकसारखी फ्लॉपीच्या पृष्ठभागावरच बारीक खूण करणं असे उपाय निघाले. म्हणजे ऑफिसवाल्यांनी ही कल्पना उचलली आणि गावभर केली, एवढंच फार तर म्हणता येईल.

शाळांसाठी त्याच काळात वेगळी वाटही होती. अमेरिकेत मिनेसोटा राज्यानं उभी केलेली एमईसीसी ही संस्था सभासद शाळांकडून वर्षाची फी घ्यायची आणि फ्लॉपीच्या कॉप्या काढायची परवानगीच देऊन टाकायची. ही वाट पुढे सगळ्यांनी धरली असती तर बरं झालं असतं. आपल्याकडे १९८४ च्या सुमाराला केंद्राच्या क्लास या शाळांतल्या कॉम्प्युटर शिक्षणाच्या प्रकल्पातून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर आले, सीडीवरचं सॉफ्टवेअर मात्र लॅबमधे रुळलं ते १९९० च्या दशकाच्या शेवटी-शेवटी.

सीडीचं कुलूप समजायचं तर आधी सेक्टर बघायला हवा. सीडी-रॉमचा एक सेक्टर २,३५२ बाइटचा, त्यात आपला डेटा बहुधा २,०४८ बाइट, उरलेली जागा ओळख पटवायला आणि चूक शोधून दुरुस्त करायला. १९९८ च्या सुमाराला आलेल्या मॅक्रोव्हिजनच्या सेफडिस्क या कुलपानं सुरुवातीला काही सेक्टर जाणूनबुजून चुकीचे ठेवले, कॉपी करताना ड्राइव्ह तिथं रखडायचा किंवा ती चूक परस्पर 'सुधारून' टाकायचा, आणि चूक सुधारली की डिस्क नकली ठरायची. पुढच्या आवृत्तीत वीक सेक्टर आले, आणि सगळ्यात डोकेबाज प्रकार मला तोच वाटतो. डिस्कवर लिहिताना प्रत्येक ८ बिटांचे १४ होतात, त्यांना जोडायला आणखी ३ बिट लागतात, आणि डिस्कवर हे बिट ज्यांतून उमटतात ते बारीक खड्डे नि सपाट जागा यांचा तोल राहील असे ते ३ बिट निवडावे लागतात. काही ठराविक डेटा असा असतो की हा तोल फारच बिघडतो. कारखान्यातली मशीन तो सांभाळून घेते, स्वस्तातल्या सीडी रायटरला ते जमायचं नाही आणि लिहिलेला सेक्टर परत वाचताच यायचा नाही. सोनीच्या सेक्युरॉम या कुलपानं आधी डिस्कच्या सबचॅनलमधल्या (मुख्य डेटासोबत चालणाऱ्या जादा माहितीतल्या) बारीक विसंगती वापरल्या, नंतर एका सेक्टरवरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागतो तेच मोजायला सुरुवात केली, कारण कोऱ्या सीडीवर सेक्टरची दाटी छापील डिस्कसारखी नसते. म्हणजे डेटा अक्षर न् अक्षर तोच असला तरी कॉपी पकडली जाते.

शाळेच्या बऱ्याच सीडींना एवढं महाग कुलूप नव्हतंच. प्रोग्रॅम फक्त सीडीचं नाव आणि ड्राइव्हचं अक्षर बघायचा. नेरूळच्या एका शाळेत मी लॅब सांभाळायचो तेव्हा २० मशीनचं लायसन होतं आणि डिस्क एकच. पिरियड ३५ मिनिटांचा. पहिल्या मशीनचा ट्रे उघडायचा, सीडी घालायची, घर्रर्र आवाज थांबून मेनू येईपर्यंत उभं राहायचं, मग काढून पुढच्या मशीनला, आणि शेवटच्या रांगेतल्या पोरांची पाळी येईपर्यंत घंटा व्हायची. लायसन २० मुलांचं आणि शिकायला मिळायचं १२ जणांना, याचं मला अजून वाईट वाटतं. एकदा हार्ड डिस्कवर नवं पार्टिशन पाडलं तर सीडी ड्राइव्ह 'डी'चा 'ई' झाला आणि सीडी आत फिरत असूनही सॉफ्टवेअर सीडी मागत बसलं. डिस्क मॅनेजमेंटमधे जाऊन अक्षर परत 'डी' केल्यावर गपगुमान चाललं. जुन्या सॉफ्टवेअरची तक्रार आली की आधी हेच बघावं. दुसरं म्हणजे मशीनवर व्हर्च्युअल ड्राइव्हचं, म्हणजे सीडीच्या फाइलला खरी डिस्क भासवणारं, सॉफ्टवेअर आहे का ते बघावं, काही कुलपं ते दिसलं की खरी डिस्कसुद्धा नाकारतात.

डिस्क जपणं हा निम्मा उपाय. खाडीकाठची हवा आणि चार महिने पाऊस, त्यात बंद कपाट, मग कव्हरच्या कागदाला बुरशी येते आणि ती डिस्कवर उतरते. लोक खालची चकचकीत बाजू जपतात पण जास्त नाजूक वरची छापील बाजू असते: खाली सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिक असतं, वर मात्र आरशासारखा थर नि त्यावर नुसतं पातळ लॅकर. म्हणून बॉलपेननं लिहू नये, स्टिकर लावू नये, पुसताना गोल न फिरवता मधून बाहेर सरळ पुसावं.

विंडोज १० मधे सेफडिस्कचा ड्रायव्हर (विंडोजमधे बसून हे कुलूप चालवणारा प्रोग्रॅम) चालत नाही, आणि सप्टेंबर २०१५ च्या सुरक्षा अपडेटनं व्हिस्टापासून ८.१ पर्यंतही तो बंद झाला, कारण त्यातून मशीनचा ताबा जाण्याचा धोका होता. तो परत चालू करून लॅब नेटला जोडणं मला धोक्याचं वाटतं. एक जुना एक्सपी पीसी लॅनची वायर काढून कोपऱ्यात ठेवावा, ते बरं.

कायद्याचं म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२(१)(एए) प्रोग्रॅम कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला हरवणं-बिघडणं यापासून बचाव म्हणून बॅकअप कॉपी काढू देतं. २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं ६५ए कुलूप तोडण्याला २ वर्षांपर्यंत कैद सांगतं, पण हक्कभंग करण्याचा हेतू असेल तर. दोन्ही एकत्र वाचली तर स्वतःच्या लायसनपुरती बॅकअप घेणारी शाळा गुन्हेगार ठरू नये, असं मानणाऱ्यांकडे माझा कल आहे, मात्र त्या बॅकअपनं २१ वं मशीन चालवलं तर ही सूट संपते. नेटवरून क्रॅक उतरवणं तर नकोच, त्यासोबत व्हायरस येतो आणि नंतर लायसनचा मुद्दा मांडायला तोंड राहत नाही.

सरळ मार्ग विक्रेत्याला लेखी विचारण्याचा: लॅब पॅक किंवा नेटवर्क आवृत्ती आहे का, सीडी न मागणारा पॅच मिळेल का, खराब डिस्क बदलून द्याल का. डिस्क बदलून देणारे बहुधा जुनी डिस्क परत मागतात, म्हणून चरे पडलेली, तडकलेली सीडीसुद्धा फेकू नये. बिल, लायसनचा कागद आणि सिरियल नंबर यांच्यासोबत एकाच पाकिटात ठेवावी आणि डेडस्टॉक रजिस्टरला तिची नोंद असावी.