रिव्हर्सल दिलं, आता मॉनिटर काढायचा का?

आमच्याकडून मॉनिटर विकत किंवा भाड्याने घेणाऱ्या नर्सिंग होम्ससाठी

शेवटचा टाका पडतो, गॅस बंद होतो, रिव्हर्सल (स्नायू ढिले करणाऱ्या रिलॅक्सन्टचा असर उतरवणारं औषध) जातं आणि ओटीत आवराआवर सुरू होते. त्यात आमचे दोन्ही सेन्सर (स्नायूंची ताकद बघणारा टीओएफ आणि भुलीची खोली दाखवणारा कपाळावरचा बीआयएस) सगळ्यात आधी निघतात. विनंती अशी, की ते सगळ्यात शेवटी काढा.

भूल उतरणं आणि स्नायूंत ताकद परत येणं एकाच वेळी होईलच असं नाही. भूल आधी उतरली तर पेशंटला सगळं ऐकू येतं, पण बोटही हलवता येत नाही. ब्रिटन-आयर्लंडमधल्या एनएपी-५ या पाहणीत (२०१४) मधेच जाग आल्याची तक्रार रिलॅक्सन्ट दिलेल्या केसेसमध्ये साधारण ८,००० मागे एक निघाली, न दिलेल्यांत १,३६,००० मागे एक.

म्हणून आधी टीओएफ. मनगटावर करंगळीच्या बाजूला दोन इलेक्ट्रोड लावायचे, काळा मनगटाच्या घडीकडे. त्वचा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या. दोन सेकंदांत चार झटके जातात, त्यांनी अंगठा हलतो आणि चौथा पहिल्याच्या किती पट आहे ते यंत्र दाखवतं. हा आकडा ०.९ झाल्याशिवाय ट्यूब काढू नये आणि भूलही हलकी करू नये. साध्या स्टिम्युलेटरवर (नुसते झटके देणारं, आकडा न दाखवणारं यंत्र) चारही झटके सारखे दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका, ०.४ च्या पुढचा फरक डोळ्याला कळत नाही. पाच सेकंद मान उचलून धरली, हाही पुरावा नव्हे. हात चादरीखाली दाबला गेला की अंगठा अडतो, मग कोणीतरी इलेक्ट्रोड चेहऱ्यावर नेतं. डोळ्याभोवतीचे स्नायू अंगठ्याच्या आधी सुटतात, त्यामुळे तिथलं रीडिंग खोटा धीर देतं. हाताचा बोर्ड आम्ही मॉनिटरसोबत देतो, तो मागून घ्या.

रिव्हर्सलपैकी निओस्टिग्मिन-ग्लायको स्वस्त आणि सवयीचं. पण ते चारही झटके परतल्यावरच द्यावं आणि पुढे निदान दहा मिनिटं हातात ठेवावीत. खोल ब्लॉक (रिलॅक्सन्टचा असर अजून जोरात असणं) त्याने उतरत नाही, डोस वाढवूनही नाही. सुगामॅडेक्स रोक्युरोनियम-व्हेक्युरोनियम या रिलॅक्सन्टना पकडून निकामी करतं: दुसरा झटका परतला असेल तर किलोमागे २ मिग्रॅ, खोल ब्लॉकला ४. अ‍ॅट्राक्युरियमवर त्याचा उपयोग नाही, तेव्हा ते मागवण्याआधी केसला कोणता रिलॅक्सन्ट गेलाय ते बघा. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईंना सुगामॅडेक्स दिलं असेल, तर पुढचे सात दिवस दुसरं साधनही वापरायला सांगा. डिस्चार्ज कार्डावर हे हमखास राहून जातं. औषध आणि डोस अर्थातच भूलतज्ज्ञ ठरवतील.

बीआयएसचं आम्ही विकणारे असूनही सांगतो: ४० ते ६० दिसलं म्हणजे झालं, असं नाही. पूर्ण जाग्या स्वयंसेवकांना नुसता रिलॅक्सन्ट दिल्यावर हा आकडा भूल दिल्यासारखा खाली आल्याचं प्रयोगांत दिसलंय, कारण कपाळाच्या स्नायूंचे सिग्नल त्यात मिसळतात. केटामिनने तो उलट चढतो. गॅसवर केस असेल तर एंड-टायडल एजंटचा (श्वासातून बाहेर येणाऱ्या भुलीच्या गॅसचा) अलार्म ०.७ मॅकवर (मॅक म्हणजे त्या गॅसच्या मात्रेचं माप) लावून ठेवा. नुसती शिरेतून भूल आणि जोडीला रिलॅक्सन्ट असेल तर हा आधार नसतो, तिथे बीआयएस लावाच.

बीआयएसचा सेन्सर एकदाच वापरायचा असतो. जेली लावून पुन्हा चिकटवला तरी आकडा येतो, हे आम्हालाही माहीत आहे. तेव्हा सिग्नल किती चांगला मिळतोय ते दाखवणाऱ्या स्क्रीनवरच्या पट्टीकडे एकदा बघा.