पूर्वस्त्रीवाद

‘स्त्रीवाद’ हा शब्द रूढ होण्याआधी स्त्रियांच्या दुय्यम स्थानाची जी चिकित्सा झाली, तिला पूर्वस्त्रीवाद म्हणतात. फ्रान्समध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या ह्युबर्टीन ओक्लेर यांनी १८८२ मध्ये स्वतःला स्त्रीवादी म्हणवले. पुढे १८९० च्या दशकात हा शब्द युरोपभर पसरला. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे मराठी पुस्तकही १८८२ चेच, पण त्यात हा शब्द नाही.

स्त्रियांची नुसती स्तुती म्हणजे पूर्वस्त्रीवाद नव्हे. पतिव्रतांच्या आणि शूर राण्यांच्या याद्या सर्वत्र सापडतात, त्यांतून व्यवस्थेला प्रश्न विचारला जातोच असे नाही. खरी कसोटी ही, की दुय्यमपण निसर्गाने आले की रूढी, शिक्षण आणि कायद्याने लादले, हे लेखक विचारतो का? मुलींना मुलांसारखे शाळेत घातले तर त्याही तितक्याच शिकतील, असे फ्रान्समधील लेखिका क्रिस्तीन द पिझान यांनी १४०५ मध्ये मांडले. फ्रेंच विचारवंत पुलँ द ला बार यांनी १६७३ मध्ये तत्त्वज्ञ देकार्तच्या, म्हणजे प्रत्येक रूढ समज तपासून पाहण्याच्या, पद्धतीने बुद्धीला लिंग नसते, असे दाखवले.

सर्वांत धारदार युक्तिवाद म्हणजे प्रतिपक्षाचेच तत्त्व त्याच्यापुढे धरणे. सगळे पुरुष जन्मतः स्वतंत्र, तर सगळ्या स्त्रिया जन्मतः दासी कशा, असे इंग्रज लेखिका मेरी ॲस्टेल यांनी १७०६ मध्ये विचारले. फ्रेंच नाटककार ऑलँप द गूज यांनी १७८९ च्या, फ्रेंच राज्यक्रांतीतल्या हक्कनाम्याची १७ कलमे १७९१ मध्ये स्त्रियांसाठी पुन्हा लिहिली. वधस्तंभावर चढण्याचा हक्क स्त्रीला आहे, तर व्यासपीठावर चढण्याचाही हवा, असे त्यांचे म्हणणे. दोन वर्षांनी त्यांचा शिरच्छेद झाला. बायको गेल्यावर पुरुष दुसरी करतो, मग विधवेलाच बंदी का, हा ताराबाईंचा सवालही याच जातीचा.

या लेखनाला आजचे मोजमाप लावले की वाचन चुकते. ॲस्टेल यांनी अविवाहित स्त्रियांसाठी विद्याभ्यासाचे निवासस्थान सुचवले (१६९४), पण लग्न केलेल्या स्त्रीने नवऱ्याची आज्ञा पाळावी असेही म्हटले. क्रिस्तीन यांनीही बायकांना सोसण्याचाच सल्ला दिला. धर्मसत्ता आणि राजसत्ता यांना या दोघींनी हात लावला नव्हता.

दुसरी अडचण परंपरा तुटण्याची. पाठीशी संघटना नसे, आधीच्या लेखिकांची पुस्तके हाती नसत. तेच युक्तिवाद पुन्हा पायापासून रचावे लागत. ताराबाईंवर टीका झाली तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकातून त्यांची बाजू घेतली. तरी ताराबाईंचे पुस्तक विस्मृतीत गेले, संशोधक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले ते १९७५ मध्ये.