विम्याच्या वहीत सापडणारी माणसं

नॉर्थ कॅरोलिना म्युच्युअल ही अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, डरहॅम शहरात कृष्णवर्णीय अमेरिकनांनी उभी केलेली विमा कंपनी. तिचं दप्तर ड्यूक विद्यापीठ आणि नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल विद्यापीठ मिळून सांभाळतात. अशा कंपन्यांच्या जुन्या नोंदी अक्षर लावून उतरवून काढण्याचं मोल कळायला थोडं मागे जावं लागतं.

गुलामगिरीतही कृष्णवर्णीयांच्या जिवाचा विमा निघत असे, पण पैसे मालकाला मिळत. मुक्तीनंतर ही माणसं स्वतः विमा घेऊ लागली, तेव्हा १८८१ मध्ये प्रुडेन्शियल कंपनीने हप्ता तोच ठेवून त्यांना मिळणारी रक्कम एक तृतीयांशाने कापली. पुढे १८९६ मध्ये तिथलेच संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन यांनी आकडेवारीचा आधार घेऊन या समाजाचा विमा काढणंच परवडणारं नाही, असं मांडलं. दारिद्र्याने आणि औषधपाण्याच्या अभावी होणारे मृत्यू त्यांनी सरळ वंशाच्या माथी मारले. हा उघड अन्याय होता, आणि त्याला शास्त्राचं नाव मिळालं.

दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, जॉन मेरिक आणि डॉ. आरोन मूर यांनी सहकाऱ्यांसह डरहॅमची कंपनी काढली. मेरिक गुलामगिरीत जन्मलेले, केशकर्तनालयं चालवून पुढे आलेले. सुरुवातीला ४० डॉलरचा मृत्यूदावा आला तेव्हा तिजोरीत तेवढेही नव्हते. संस्थापकांनी पदरचे घालून तो चुकता केला. सी. सी. स्पॉल्डिंग यांनी कारभार हाती घेतल्यावर कंपनी पसरली. आपल्याकडच्या पिग्मी एजंटसारखे तिचे एजंट दारोदार जाऊन आठवड्याचे हप्ते गोळा करत आणि वहीत मांडत.

आज त्या वह्यांचं महत्त्व वेगळंच आहे. नॉर्थ कॅरोलिनात जन्ममृत्यूची राज्यव्यापी नोंद सुरू झाली १९१३ मध्ये. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत जळाले किंवा खराब झाले आणि उरलेलेही पुढे नष्ट केले गेले. अशा वेळी विम्याच्या एका ओळीत माणसाचं नाव, वय, धंदा आणि वारसाचं नाव मिळालं, तर नातवंडा-पतवंडांना घराण्याचा धागा लागतो. ज्यांना कधीकाळी मालकाच्या मालमत्तेत मोजलं, त्यांनीच इथे आपला वारस नेमलेला असतो.

म्हणूनच उतरवताना काटेकोर राहावं लागतं. नावाचं स्पेलिंग चुकलेलं वाटलं तरी वहीत आहे तसंच ठेवायचं. आपला अंदाज वेगळ्या रकान्यात लिहायचा. सुधारलेलं नाव दुसऱ्याच घराण्यात जाऊन बसू शकतं.