मेलेलं लाकूड औषध पीत नाही

मिरचीची पानं वाकडी झाली की दुकानदार इमिडाक्लोप्रिडची बाटली काढून देतो, आणि चौकटीला वाळवी लागली म्हटलं तरी बऱ्याचदा तेच औषध, फक्त पिकाला १७.८ टक्केवालं आणि वाळवीला ३०.५ टक्केवालं. औषध एकच, पण दोन्हीकडे काम करायची तऱ्हा अगदी वेगळी, आणि ते माहीत नसल्यानं अर्धे लोक नुसती भिंत भिजवत बसतात.

पिकात ते आंतरप्रवाही आहे, म्हणजे पानावर किंवा मुळाशी पडलं की झाडात शिरतं आणि मुळाकडून शेंड्याकडे जाणाऱ्या पाण्याबरोबर वर चढतं. खाली फारसं उतरत नाही, तेव्हा पानावर फवारून मुळं वाचतील ही आशा सोडा. मावा, तुडतुडे, फुलकिडे रसाबरोबर ते पितात, मग तंबाखूतलं निकोटीन मज्जातंतूंवर जिथं चिकटतं तिथंच हे चिकटतं, कीड थरथरते आणि लुळी पडते. माणसाच्या मज्जातंतूंवर त्याची पकड बरीच कमी, तरी हातमोजे आणि मास्क हवेतच. कोळी या बारीक किडीवर मात्र याचा काही उपयोग नाही, त्यामुळे मिरचीची पानं वर वळलीत (फुलकिडे) की खाली (कोळी) हे आधी बघा, नाहीतर पैसे फुकट.

आता चौकट. मेलेल्या लाकडात रस वाहतच नाही, मग आंतरप्रवाही असून फायदा काय? काहीच नाही. इथं वेगळाच गुण कामाला येतो, वाळवीला हे औषध कळतच नाही. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं औषध असेल तर ती तिथून मागं फिरते आणि दुसरी वाट शोधते, पण हे मिसळलेल्या मातीतून बिनधास्त जाते, लगेच मरत नाही, आणि एकमेकींना चाटणं-भरवणं सुरू असतं त्यातून थोडं औषध बाकीच्यांपर्यंत पोचतं. मग ती भरकटते, चाटणं बंद होतं, आणि एरवी चाटून साफ होणारी मातीतली बुरशी अंगावर वाढून तिचा जीव घेते. मला तर हा भाग सगळ्यात भारी वाटतो, निम्मं काम बुरशीच करते!

म्हणून वाळवीनं भिंतीवर केलेल्या मातीच्या नळीवर फवारून दिसतात तेवढ्या मारण्यात अर्थ नाही, भिंत आणि जमीन मिळते तिथं फूटफूट अंतरावर भोकं पाडून औषध मातीत सोडायचं. रानातली रोयण (वाळवीचं वारूळ) मात्र राहू दे, सातेरी देवी म्हणून आपण तिला हात जोडतो ते सोडा, तिथली वाळवी पाला-लाकडाची माती करते.

फुलांच्या मधात आणि परागातही हे औषध उतरतं, मधमाश्यांपायीच युरोपियन युनियननं २०१८ मध्ये उघड्या शेतात ते बंद केलं. तेव्हा काजूला मोहर असताना हात आवरा. आणि लिटरभर पाण्यात अर्ध्या ग्रॅमहून जास्त विरघळतं, आपला चिरा (जांभा दगड) सच्छिद्र, पाऊस असा धो धो, त्यामुळे विहिरीच्या आसपास आणि पावसाच्या तोंडावर मातीत ओतायचं नाही.