तड्याचे गणित मांडणारे जॉर्ज आयर्विन

तडे कसे वाढतात आणि वस्तू नेमकी कधी तुटते, हे सांगणाऱ्या शास्त्राला फ्रॅक्चर मेकॅनिक्स म्हणतात. त्याचे जनक कोण, असे या क्षेत्रातल्या कोणालाही विचारा. बहुतेकांच्या तोंडी अमेरिकी शास्त्रज्ञ जॉर्ज आयर्विन (१९०७–१९९८) यांचेच नाव येते. १९८६ मध्ये त्यांना यांत्रिकीतले मानाचे टिमोशेंको पदक मिळाले. १९८७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना परदेशी सदस्य म्हणून निवडले. चाचण्यांची मानके ठरवणारी अमेरिकेतली एएसटीएम ही संस्था त्यांच्या नावाने पदक देते. तरी मला त्यांना मिळालेली सर्वांत मोठी दाद वाटते ती ही, की प्रयोगशाळांमध्ये आजही धातूचा चिवटपणा, म्हणजे तडा वाढू न देण्याची त्याची ताकद, त्यांनी सुचवलेल्या राशीतच मोजला जातो.

त्यांच्या आधी काय होते? जोडणी किंवा पत्रा ताण सोसेल की नाही, हे धातूच्या यील्ड स्ट्रेंग्थवरून, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो त्यावरून, ठरवत. दुसऱ्या महायुद्धात हा हिशेब फसला. जानेवारी १९४३ मध्ये ‘स्केनेक्टडी’ हे नवे कोरे तेलवाहू जहाज पोर्टलंडच्या धक्क्याला, शांत पाण्यात, उभ्या-उभ्या जवळजवळ दुभंगले. वेल्डिंगमधले दोष, कोपऱ्यांवर एकवटणारा ताण आणि थंडीत ठिसूळ होणारे पोलाद अशी कारणे एकत्र आली होती. रिव्हेट मारलेल्या जहाजात तडा बहुधा एका पत्र्याच्या कडेला थांबे. वेल्ड केलेल्या सलग कवचात त्याला अडवायला काहीच नसे.

तड्याचा हिशेब ऊर्जेने करायचा, ही कल्पना ए. ए. ग्रिफिथ यांनी काचेवर प्रयोग करून १९२१ मध्येच मांडली होती. तडा पुढे सरकला की ताणलेल्या पदार्थातली ऊर्जा मोकळी होते, आणि नवा पृष्ठभाग तयार करायला ऊर्जा खर्च होते. मोकळी होणारी ऊर्जा खर्चापेक्षा जास्त झाली की काच फुटते. हे समीकरण धातूंना मात्र लागू पडेना, कारण धातूत तड्याच्या टोकाजवळचा भाग आधी कायमचा वाकतो, ताणला जातो आणि त्यातच पृष्ठभागाच्या ऊर्जेच्या कितीतरी पट ऊर्जा खर्ची पडते. वॉशिंग्टनच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीत आयर्विन यांनी हा खर्चही हिशेबात घेतला. मग १९५७ मध्ये त्यांनी दाखवले की तड्याच्या टोकाजवळचा सगळा ताण एकाच संख्येत बांधता येतो. तिला ताण-तीव्रता गुणक म्हणतात. ऊर्जेच्या राशीला त्यांनी ग्रिफिथ यांच्या नावावरून ‘जी’ हे अक्षर दिले आणि या गुणकाला आपले सहकारी कीस यांच्यावरून ‘के’.

मोठ्या पत्र्याच्या मधोमध आरपार तडा असेल तर के म्हणजे ताण गुणिले, पाय (π) आणि तड्याच्या अर्ध्या लांबीच्या गुणाकाराचे वर्गमूळ. के ज्या आकड्याला पोचला की तडा धावत सुटतो, तो आकडा म्हणजे त्या धातूचा चिवटपणा. समजा पोलादाचा चिवटपणा ५० मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर आहे. २०० मेगापास्कल ताणाखाली तो पत्रा सुमारे ४० मिलिमीटर लांबीचा तडा सोसतो. ताण दुप्पट केला की ही मर्यादा जेमतेम १० मिलिमीटरवर येते. तपासणीत किती लहान तडा सापडलाच पाहिजे, हे यावरून ठरते.

चिवटपणा मोजण्याची चाचणी कडक आहे. चौकोनी नमुन्यात खाच कापतात, पण तिथेच थांबून चालत नाही. खाचेचे टोक बोथट असते आणि आकडा फुगून येतो. म्हणून कमी-जास्त भार पुन्हा पुन्हा देऊन खाचेच्या टोकातून खरा, बारीक तडा वाढवतात. इथे घाई करून भार जास्त ठेवला तर टोकाचा धातू मऊसर ताणला जातो, आणि पुन्हा आकडा खोटाच वाढतो. मग नमुना ओढताना भार आणि तड्याच्या तोंडाची फाक यांचा आलेख काढतात. आरंभीच्या चढापेक्षा ५ टक्के कमी चढाची रेषा आखून ती आलेखाला जिथे छेदते, त्यावरून भार ठरवतात. कमाल भार त्याच्या १.१ पटीच्या आतच असावा लागतो. शेवटी तुटलेल्या पृष्ठावर तड्याची लांबी प्रत्यक्ष मोजतात.

एवढे करूनही निकाल बाद होऊ शकतो, तो जाडीमुळे. चिवटपणा भागिले यील्ड स्ट्रेंग्थ, त्याचा वर्ग, गुणिले २.५, जाडी निदान एवढी हवी. १५०० मेगापास्कल यील्ड स्ट्रेंग्थच्या कठीण पोलादात वरच्या ५० च्या आकड्याला ३ मिलिमीटर पुरतात. साध्या पोलादाचा चिवटपणा १५० आणि यील्ड ३०० धरली, तर नमुना तब्बल ६२ सेंटिमीटर जाड लागेल! असा नमुना कोण कापणार आणि कोणत्या यंत्रावर ओढणार? म्हणून अशा पोलादासाठी जेम्स राइस यांनी १९६८ मध्ये मांडलेले जे-इंटिग्रल, म्हणजे टोकाचा धातू बराच ताणला गेला तरी चालणारे ऊर्जेचे माप, वापरतात. त्याने लहान नमुन्यावर काम भागते.

अमेरिकी अभियंते पॉल पॅरिस यांनी ‘के’चा उपयोग आणखी पुढे नेला. भाराच्या प्रत्येक फेऱ्यात तडा किती वाढतो, हे ‘के’च्या चढ-उतारावर ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. हे मांडणारा त्यांचा लेख तीन नामांकित नियतकालिकांनी परत पाठवला. अखेर १९६१ मध्ये तो वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका पत्रिकेत छापून आला. आज विमानाच्या तपासण्यांमधले अंतर याच नियमाने काढतात. त्यातला घातांक पोलादासाठी साधारण ३ असतो. म्हणजे तडा तेवढाच असताना ताणाचा चढ-उतार दुप्पट केला, तर तडा आठपट वेगाने वाढतो.