नवशब्द

भाषेत नव्याने घडवलेला, किंवा जुनाच पण नव्या अर्थाने वापरात आणलेला शब्द म्हणजे नवशब्द. नवी वस्तू किंवा नवे पद आले की नाव लागते. ते परभाषेतून घ्यायचे, आपल्या धातू-प्रत्ययांतून घडवायचे, की विस्मरणात गेलेला शब्द पुन्हा कामाला लावायचा, असे मार्ग असतात. आइसलँडिकने टेलिफोनला ‘सीमी’ हा ‘धागा’ या अर्थाचा जुना शब्द दिला. संगणकासाठी मात्र ‘संख्या’ आणि ‘भविष्य सांगणारी’ हे दोन शब्द जोडून ‘तोल्वा’ तयार केला. दोन्ही रुळले.

शब्द घडवणे त्या मानाने सोपे. खरी कसोटी रुळण्याची. आधुनिक हिब्रूसाठी एलिएझर बेन-येहुदा यांनी घडवलेला ‘मिलोन’ (शब्दकोश) टिकला, टेलिफोनसाठी सुचवलेला ‘साख-राखोक’ टिकला नाही. व्युत्पत्ती निर्दोष असली म्हणजे झाले, ही कोशकारांची समजूत अशा वेळी उघडी पडते.

बऱ्याचदा निकाल ठरतो तो शब्द केव्हा आला यावर. फ्रान्समध्ये १९५५ साली लॅटिनचे प्राध्यापक झाक पेरे यांनी आयबीएम कंपनीला तिच्या संगणकासाठी ‘ऑर्दिनातर’ हा शब्द सुचवला. यंत्र त्याच नावाने बाजारात आले आणि ‘कॉम्प्युटर’ला तिथे जागाच उरली नाही. उलट ईमेलसाठी ‘कुरिएल’ला सरकारी मान्यता मिळाली २००३ मध्ये, म्हणजे ‘मेल’ लोकांच्या तोंडी बसल्यावर. तो लेखी भाषेत राहिला, बोलण्यात मागे पडला.

मराठीतही हेच दिसते. वि. दा. सावरकरांच्या भाषाशुद्धी चळवळीतला ‘महापौर’ वर्तमानपत्रांनी उचलला. या पदाशी बहुतेकांची गाठ छापील बातमीतच पडत असल्याने ‘मेयर’ मागे हटला. ‘दिनांक’ला तेवढे यश नाही: अर्जावर दिनांक लिहिणारा माणूस शेजाऱ्याला ‘आज तारीख काय?’ असेच विचारतो. दोन्ही शब्द सुखाने नांदतात, यात वावगे काही नाही.

शब्द मुरल्याची खूण कोशात नव्हे, व्याकरणात सापडते; कोशातली नोंद सहसा मागाहून होते. ‘संगणक’पासून ‘संगणकीय’, ‘संगणकीकरण’ निघाले, मग बोलताना कोणी ‘कॉम्प्युटर’ म्हणो. परका शब्दही असाच घरचा होतो. ‘तिकीट’ नपुंसकलिंगी झाले, त्याचे अनेकवचन ‘तिकिटे’ झाले, आणि विभक्ती लागताना ‘की’ ऱ्हस्व होऊन ‘तिकिटाला’ असे रूपही आले.

नव्या शब्दाची सुरुवातीला टिंगल होतेच. इंग्लिश विद्वान विल्यम ह्यूवेल यांचा ‘सायंटिस्ट’ हा शब्द १८३४ मध्ये छापून आला. इंग्लंडमधल्या अनेक शास्त्रज्ञांना तो ओबडधोबड वाटे, आणि शतक सरत आले तरी जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सले यांना तो पसंत नव्हता. अमेरिकेत तो त्याआधीच सर्रास चालू झाला होता.