इराणचा अणुकार्यक्रम: संशय मुरत गेला तो असा

इराणला पहिली अणुभट्टी दिली ती अमेरिकेने. १९५७ मध्ये शहांच्या राजवटीशी नागरी अणुसहकार्याचा करार झाला आणि दहा वर्षांनी तेहरानमध्ये पाच मेगावॉटची संशोधन भट्टी सुरू झाली. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर इराणने १९६८ मध्येच सही केली. बॉम्ब बनवायचा नाही आणि त्या बदल्यात शांततेच्या कामासाठी अणुतंत्रज्ञान वापरायचा हक्क घ्यायचा, असा तो सौदा. पुढचे सगळे भांडण या हक्काची हद्द कुठे संपते यावरून आहे.

१९७९ च्या क्रांतीनंतर बुशेहरचा वीजप्रकल्प अर्धवट राहिला आणि इराकबरोबरच्या युद्धात त्यावर बॉम्बही पडले. त्याच युद्धात सद्दामने रासायनिक अस्त्रे वापरली, तेव्हा कोणी इराणच्या मदतीला धावले नाही. ही जखम लक्षात घेतल्याशिवाय तेहरानचा हट्ट कळत नाही, असे मला वाटते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाकिस्तानच्या अब्दुल कादीर खान यांच्या जाळ्यातून सेंट्रीफ्यूजचे आराखडे गुपचूप इराणमध्ये पोहोचले.

सेंट्रीफ्यूज म्हणजे प्रचंड वेगाने फिरणारे उभे नळकांडे. निसर्गातल्या युरेनियममध्ये कामाचा, म्हणजे २३५ हा प्रकार जेमतेम ०.७ टक्के असतो. युरेनियमचे संयुग वायुरूपात आत सोडले की जड कण कडेला जातात, हलके मधल्या बाजूला राहतात. अशी शेकडो यंत्रे एकमेकांना जोडली की २३५ चे प्रमाण टप्प्याटप्प्याने चढत जाते; यालाच युरेनियमची समृद्धी म्हणतात. विजेसाठी ३ ते ५ टक्के पुरतात, बॉम्बसाठी ९० च्या आसपास लागतात. दोन्हींसाठी यंत्र तेच. शिवाय २० टक्के गाठेपर्यंत ९० कडे जाण्याची बहुतेक मेहनत झालेली असते. म्हणून तर टक्क्यांवरून एवढी ओढाताण चालते.

ऑगस्ट २००२ मध्ये देशाबाहेरच्या विरोधी गटाने नतांझ आणि अराक इथल्या गुप्त केंद्रांची माहिती जाहीर केली. त्यानंतरचा एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. तेहरानमध्ये ‘कलाये इलेक्ट्रिक’ नावाची कार्यशाळा होती, घड्याळांचा कारखाना म्हणून ओळखली जाणारी. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांना तिथे नमुने घ्यायला आधी नकार मिळाला. ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली तोवर इमारतीत बरेच फेरबदल झाले होते. तरी कापडाच्या तुकड्याने पुसून घेतलेल्या धुळीत अतिसमृद्ध युरेनियमचे कण सापडले! पुढे त्यांतले बहुतेक कण पाकिस्तानातून आलेल्या जुन्या सामानाला चिकटलेले असावेत असा निष्कर्ष निघाला. पण लपवाछपवी उघडी पडली होती, आणि गेलेला विश्वास काही परत आला नाही.

२००६ मध्ये प्रकरण सुरक्षा परिषदेत गेले, मग निर्बंधांचे ठराव एकामागून एक आले. २००९ मध्ये कोमजवळ डोंगराच्या पोटात खोदलेले फोर्दो हे समृद्धी केंद्र जगासमोर आले.

इराण आणि अमेरिकेसह सहा देश यांच्यातला १४ जुलै २०१५ चा व्हिएन्ना करार हा या इतिहासातला सर्वांत भरीव टप्पा. निर्बंध सैल करण्याच्या बदल्यात इराणने मर्यादा मान्य केल्या. समृद्धी ३.६७ टक्क्यांवर, साठा ३०० किलोवर रोखला गेला. बॉम्बचे दुसरे इंधन असलेले प्लुटोनियम देऊ शकणाऱ्या अराकच्या भट्टीचा गाभा काढून त्यात काँक्रीट ओतले. काही अटींना मुदत होती, हा टीकाकारांचा आक्षेप खराच. पण निरीक्षक आत होते, कॅमेरे चालू होते आणि इराण अटी पाळतो आहे असे अहवाल येत होते. तरीही मे २०१८ मध्ये ट्रम्प यांनी अमेरिकेला करारातून बाहेर काढले. ही मोठी चूक होती असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षभराने इराणनेही मर्यादा ओलांडायला सुरुवात केली, एप्रिल २०२१ मध्ये ६० टक्के गाठले आणि जून २०२२ मध्ये संस्थेचे २७ कॅमेरे उतरवले.

१२ जून २०२५ रोजी संस्थेच्या नियामक मंडळाने इराणवर दायित्वभंगाचा ठपका ठेवला. दुसऱ्याच दिवशी इस्रायलने हल्ले सुरू केले, २२ जूनला अमेरिकेने फोर्दो, नतांझ आणि इस्फहानवर बॉम्ब टाकले. त्या वेळी ६० टक्क्यांचा साठा संस्थेच्या अंदाजाने ४४० किलोंच्या घरात होता. जुलैच्या सुरुवातीला निरीक्षक देशाबाहेर पडले. तो साठा त्यांना तपासता आलेला नव्हता.